साडेचौदा गळ्याचा शर्ट

४ फेब्रुवारी

चि. सौ. नवीस, आशीर्वाद.

एका शर्टामुळे हे पत्र लिहावं लागतंय. एरवी तुझ्या-माझ्यात पत्र लिहिण्यासारखं फार काही उरलंय असं मला वाटत नाही.

दर दोन महिन्यांनी मी कापडाची पिशवी तुला पाठवते आणि तू ती रिकामी परत करतेस. या वेळी ती रिकामी नव्हती. तळाच्या पुठ्ठ्याखाली एक पांढरा शर्ट घडी करून ठेवलेला निघाला. कापड माझंच, गब्दूच्या शर्टांसाठी निवडून पाठवलेलं. हातही तुझाच. इतकी बारीक काजं दुसरं कोणी करत नाही. हे तुझ्या तोंडावर मी कधी म्हटलं नसेन, पण खरं आहे.

माप मात्र गब्दूचं नाही.

वडिलांच्या मागे मी शर्टांचं दुकान चालवते त्याला तीस वर्षं होत आली. गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहिलं की मला त्याचा गळा दिसतो, टेप नंतर लावायची ती त्याच्या समाधानासाठी. माझ्या भावाचा गळा साडेसोळा आणि छाती बेचाळीस, तुझ्या लग्नाच्या आधीपासून. लहानपणी नाव गब्दू पडलं ते उगीच नाही. हा शर्ट साडेचौदा गळ्याचा आणि छत्तीस छातीचा आहे. बाही पूर्ण लांब, म्हणजे पोरगा नाही. उंचीला गब्दूएवढाच, पण अंगाने सडसडीत असा कोणी बाप्या.

शर्टाला खिसा नाही. खिसा नको म्हणणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलेलं नाही. कॉलर एकेरी, आत ताठ ठेवणारं बकरम नाही. बकरमाशिवाय कॉलर करणं हे तुझं काम नव्हे. असं शिवतात ते घाईत किंवा चोरून.

शर्ट कुणाचा आहे? एका ओळीचं उत्तर पुरे.

दुसरं. गब्दूच्या रजेचे कागद मिळाले. त्याला महिनाभर तुरुंगातून घरी सोडायचं तर रक्ताच्या नात्यातलं, स्वतःचं घर असलेलं माणूस जामीन लागतं, म्हणजे मी. तो वेळेवर परत गेला नाही तर जाब मला विचारणार. त्याला माझी ना नाही. पण कारणाच्या जागी तू नुसतं 'घरगुती' लिहिलंयस. घरगुती म्हणजे काय? आधी शर्टाचं उत्तर येऊ दे, मग सहीचं बघू. रजा मंजूर करणारी बैठक मार्चअखेर आहे, तोवर कागद द्यायचे, वेळ आहे.

ताई


११ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस, शि. सा. नमस्कार.

पत्र मिळालं. शर्ट गिऱ्हाइकाचा आहे, चुकून पिशवीत गेला. परत पाठवा, त्याला हवाय. कापड उरलेलं होतं ते वापरलं, तुम्हाला विचारायला हवं होतं. खिसा त्यालाच नको होता. असते एकेकाची आवड.

कारण घरगुती लिहिलं कारण ते घरगुतीच आहे. वन्सं, सही करून टाका. मार्चची बैठक हुकली तर पुढची सहा महिन्यांनी. तेवढा उशीर नको. का नको ते मी सांगू शकत नाही, पण नको.

तुम्ही ह्यांना एकदाही भेटायला आला नाहीत, त्याबद्दल मी आजवर काही म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. गुडघ्याला जपा.

तुमची
नवी


१६ फेब्रुवारी

चि. सौ. नवीस,

उत्तर पटलं नाही.

तुझ्या दारावरची पाटी मीच रंगवून दिली आहे. 'स्त्रियांचे व शाळेचे कपडे शिवून मिळतील.' तूच म्हणाली होतीस की नवरा आत असताना परक्या पुरुषाच्या छातीला टेप लावली तर गल्लीला महिनाभराची करमणूक होईल. मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. मग ज्याच्यासाठी तू तो नियम मोडलास असं हे गिऱ्हाईक कोण?

परवा बटणवाला माल घेऊन आला. तुमच्याकडेही त्याची फेरी असते. त्याच्या जिभेला हाड नाही, म्हणून त्याचं निम्मं मी सोडून देते. उरलेलं निम्मं असं, की मंगळवारी तुझ्या दाराला कुलूप होतं. दोनदा खेटे घातले तरी तू नव्हतीस. संध्याकाळी तू एका टेंपोतून उतरलीस, पुढच्या सीटवरून, आणि हसत होतीस. टेंपोवाल्याने पिशवी हातात दिली आणि 'सांभाळून' म्हणाला. 'मी आपलं पाहिलं ते सांगितलं हो ताई, मला काय करायचंय,' असं म्हणत त्याने माझ्याकडून दोन चहा उकळले.

हसणं हा गुन्हा नाही. पण भेट महिन्यातून एकदाच, पहिल्या सोमवारी, हे मला तूच सांगितलं होतंस. मग मंगळवार कुठून आला?

गब्दूला मी थेट पत्र टाकलंय. तब्येत कशी आहे, अंगाने कसा आहेस, एवढंच विचारलंय. तुझ्याविषयी एक अक्षर नाही. शर्ट माझ्याकडेच राहील.

ताई


२४ फेब्रुवारी
(वर जांभळा शिक्का: तपासले)

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र आलं. अडीच वर्षांत पहिलंच, म्हणून आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, दुसऱ्या कुणाचं तर नाही ना. पण आतलं अक्षर तुझंच. हुकूम सोडल्यासारखं.

तब्येत ठणठणीत आहे. जरा जास्तच म्हणेनास. जेवण वेळेवर, काम हलकं आणि चालणं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोट सुटलंय. परवा नवीने आणलेल्या शर्टाचं वरचं बटण लागेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, कापड बापाचं आहे म्हणून माणसाने इतकं पसरू नये.

मी वायरिंगच्या दुरुस्तीवर आहे. इथे सगळं तळमजल्यावर, लिफ्ट नाही. ते बरं आहे.

रजेच्या कागदावर सही करशील ना? घाई नाही, पण केलीस तर बरं होईल. नवीला फार प्रश्न विचारू नकोस. ती एकटी सगळं बघते.

दुकानातल्या फळ्या नीट आहेत ना? डावीकडची शेवटची जरा कललेली राहिली होती. तिच्यावर जड थान ठेवू नकोस.

तुझा
गब्दू


२७ फेब्रुवारी

चि. सौ. नवीस,

गब्दूचं उत्तर आलं. तो लिहितो की त्याचं पोट सुटलंय आणि तू नेलेल्या शर्टाचं वरचं बटण लागत नाही. म्हणजे साडेसोळाही आता त्याला पुरत नाही. मग साडेचौदा कुणाला पुरतो?

तो असंही लिहितो की नवीला फार प्रश्न विचारू नकोस. त्याने आत बसून तुझी बाजू घ्यावी आणि तू बाहेर टेंपोत पुढे बसून हसावंस, हे मला बघवत नाही.

मी दुकानदारीण आहे. अंदाजाने कापड फाडत नाही आणि अंदाजाने माणसावर आळ घेत नाही. तुला दोनदा विचारलं. एकदा तू खोटं बोललीस आणि दुसऱ्यांदा गप्प बसलीस. आता माझ्या जागी उभी राहून बघ. भाऊ महिनाभर सुटून येणार तो ज्या घरात, तिथल्या दोरीवर आधीच दुसऱ्याचा शर्ट वाळत असला तर? तो साधा माणूस आहे. रागाच्या भरात काही करून बसेल नाहीतर निघून जाईल, आणि शिक्षा आणखी वाढेल.

तेव्हा माझी अट ऐक. रजा माझ्या घरी. कागदावरचा पत्ता बदलून आण, मी त्याच दिवशी सही करते. नाहीतर कागद कोरे परत येतील.

ताई


३ मार्च

ती. वन्सं यांस,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले आणि दुसऱ्यांदा हसले. हसणं तुम्हाला चालत नाही, तरी हसले.

पत्ता बदलता येणार नाही. ह्यांनी मला शपथ घातली आहे, म्हणून का ते सांगत नाही. शब्द पाळणं ही काही फक्त माहेरच्यांची मक्तेदारी नाही.

टेंपोवाल्याचं सांगते. त्याचं वय साठीच्या पुढे, दात चार. त्याचा थोरला मुलगा आत आहे. मंगळवारी तो आम्हा सात-आठजणींना तिकडे नेतो. रस्त्याला खड्डेच खड्डे, मागे बसलं की हाडं खिळखिळी होतात, म्हणून पुढची सीट पाळीने. त्या दिवशी पाळी माझी होती. हसत होते ते का, तेही ऐका. आमच्यातल्या एकीने शेजारी सांगून ठेवलंय की नवरा जहाजावर आहे. आता शेजारीण मागे लागली आहे, येताना मला अत्तराची बाटली आणायला सांगा. ही रडकुंडीला येऊन आम्हाला विचारते, काय सांगू गं? टेंपोवाला म्हणाला, 'सांग, जहाज अजून उभं आहे, वारा सुटला की निघेल.' त्यावर हसलो. मी स्वतः गल्लीत सांगितलंय की हे धरणाच्या कामावर आहेत. परवा समोरची म्हणाली, 'कसलं बाई धरण, बांधून होतच नाही!' वन्सं, त्या टेंपोत आम्हाला एकमेकींशी खोटं बोलावं लागत नाही. आठवड्यातून तेवढाच वेळ.

आता खरं बोलायचंच तर सगळंच बोलू. हे लिफ्टच्या देखभालीवर होते. लिफ्ट तपासली असं ह्यांनी ज्या दिवशीचं लिहून दिलं, त्या दिवशी हे कुठे होते ते विचारायला पोलीस तुमच्या दुकानात आले. तुम्ही सांगितलंत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याकडे फळ्या ठोकत होता. ते खरंच होतं. लिफ्ट पडली, त्यात एका बाईचा जीव गेला, ह्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, तेही योग्यच. ताईला दोष द्यायचा नाही, असं ह्यांनी मला कोर्टाच्या पायरीवर बजावलं आणि मी दिला नाही. पण फळ्या ठोकायला त्या दिवशी ह्यांना बोलावलं कुणी, हा एक प्रश्न मी अडीच वर्षं गिळून बसले आहे. तुम्हाला मात्र एक शर्ट गिळता आला नाही.

या घरात येऊन मला अठरा वर्षं झाली. अजून तुम्ही मला नवीच म्हणता. जुनं व्हायला आणखी काय करावं लागतं ते एकदा सांगून टाका.

संशय असेल तर मंगळवारी या. टेप आणा, शर्टही आणा. आमच्याबरोबर टेंपोतून चला, मी मागे बसेन.

नवी


१३ मार्च

चि. सौ. नवीस,

मंगळवारी मी गेले होते. तुला न कळवता, सकाळच्या पहिल्या एसटीने, एकटी. आधी कळवलं असतं तर तू गब्दूला आणि टेंपोवाल्याला पढवून ठेवलं असतंस, असं मला वाटलं. जे घडलं ते लिहिते.

रांगेत माझ्यापुढे एक म्हातारी होती. तिने मुलासाठी विकतचा शर्ट आणला होता. तपासणीच्या टेबलावरच्या पोलीसबाईने पातं घेऊन त्याची कॉलर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरली, बकरम उपसून काढलं, बोट घालून पाहिलं. मग खिसा टरकन ओढून काढला आणि शर्ट म्हातारीच्या हातात दिला. म्हातारीने त्याची पुन्हा घडी घातली. तिला सवय असावी.

माझी पाळी आली. तुझा शर्ट मी पुरावा म्हणून नेला होता, तो गब्दूपुढे धरून विचारणार होते. पोलीसबाईने कॉलर दोन बोटांत चोळली, खिशाच्या जागी हात फिरवला आणि पातं खाली ठेवलं.

"हे त्या शिवणवालीचं काम ना?" ती म्हणाली. "शहाणी बाई. आमचं पातं वाचतं आणि तिची मेहनतही. आजारी कोठडीतल्या भाऊंचा शर्ट ना हा?"

मी हो म्हटलं. हो कसं म्हटलं मला ठाऊक नाही, पण म्हटलं.

मग चिठ्ठी आत गेली, बहीण आली आहे म्हणून, आणि बराच वेळ कोणी आलं नाही. एवढा वेळ का, ते तो जाळीपलीकडे आला तेव्हा समजलं. तो कपडे बदलून आला होता. जुना साडेसोळाचा शर्ट, मीच कापलेला. खिसा काढलेल्या जागी कापड अजून पांढरंशुभ्र होतं, बाकीचं पिवळं पडलेलं.

"ताई, तू?"

"दुकान बंद ठेवून आले आहे. लवकर बोल."

"बघ, लिहिलं होतं ना? पोट सुटलंय." त्याने पोटावर थाप मारली. शर्टाच्या आत टॉवेल गुंडाळलेला होता. थापेचा आवाज गादीवर मारल्यासारखा आला.

"दिसतंय," मी म्हटलं.

"जेवण चांगलं असतं गं इथलं."

"तेही दिसतंय."

पोटाला टॉवेल गुंडाळता येतो, गळ्याला येत नाही. वरचं बटण लावलेलं होतं आणि कॉलर मानेभोवती घागरीच्या काठासारखी दूर उभी होती. मधल्या जागेत माझा हात गेला असता. साडेचौदाही मला जास्त वाटला. मी चौदा धरला.

"फळ्या कशा आहेत?" त्याने विचारलं.

"जागच्या जागी."

"ती डावीकडची?"

"तीही. तू तुझं बघ."

मी शर्टाविषयी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बाहेर येऊन खिडकीवरच जामिनाच्या कागदावर सही केली. पत्ता तुझाच ठेवला आहे.

फाटकाबाहेर टेंपो उभा होता. आजारी कोठडीतल्या माणसाला दर मंगळवारी एकच भेट असते, हे मला त्या वेळी कळलं. त्या आठवड्याची भेट मी घेऊन बसले होते आणि तुला खिडकीवरून परत पाठवलं होतं. तू मागच्या सीटवर भिंतीकडे तोंड करून बसली होतीस, मांडीवर पिशवी घेऊन. मी पाहिलं आणि तशीच एसटीकडे गेले.

तुझ्यावर जे लिहिलं ते मी लिहिलं. ती पत्रं जाळ नाहीतर ठेव, तुझा हक्क आहे.

आता सगळं सांग. आजार कोणता, कधीपासून, डॉक्टर काय म्हणतात, आणि अजून काय काय लपवलं आहेस. शपथ मोड. पाप माझ्या माथी.

ताई


१८ मार्च

ती. वन्सं यांस, शि. सा. नमस्कार.

पाप तुमच्या माथी म्हणालात, म्हणून सांगते.

चार-पाच महिने झाले, ह्यांना अन्न गिळवत नाही. आधी कोरडा घास अडकायचा, आता पातळही अडकतं. आतल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय की बाहेर मोठ्या दवाखान्यात तपासा, बहुतेक शस्त्रक्रिया लागेल. तो दवाखाना माझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर आहे, म्हणून पत्ता बदलता येत नव्हता. तिथून माणूस बरा होऊन येतो का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आता आणलंत तर आशा आहे. त्यांनी 'आता' म्हटलं, म्हणून मी तुमच्या मागे लागले होते. डॉक्टरांचं पत्र बैठकीपुढे वेगळं दिलंय. तुमच्याकडच्या कागदावर आजार लिहिला असता तर तुम्हाला कळलं असतं.

ते कळू द्यायचं नव्हतं, तीच शपथ. हे म्हणाले, 'ताईला सांगायचं नाही. ती दिवसभर त्या फळ्यांसमोर उभी असते.'

शर्टांचं असं. एक शर्ट नीट बसायचा, पुढच्या महिन्यात तोच लोंबायचा. मग मी अर्धा इंच कमी करून दुसरा शिवायची. लोंबणाऱ्या शर्टात ह्यांना बघितलं की वाटतं, माणूस आत कुठेतरी हरवतोय. नीट बसला की वाटतं, आहेत तेवढे तरी आहेत. पिशवीत गेला तो चौथा.

माझी भेट गेली त्याचा राग आला होता. मग खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की सही झाली. राग गेलेला नाही, बाजूला ठेवलाय. सवडीने बघू.

पण काल भेटले तेव्हा हे इतके खूश होते! 'ताई फसली,' म्हणाले. 'जन्मात पहिल्यांदा ताईला फसवलं. दिसतंय म्हणाली, दिसतंय!' हसताना ठसका लागला, तरी हसत होते. वन्सं, मला एक शंका येतेय ती विचारते. तुम्ही ह्यांना काही कळू दिलं नाहीत, ते मुद्दाम ना? तसं असेल तर तसंच राहू द्या. त्यांच्याजवळ आनंदाचं दुसरं काही नाही.

रजा मिळाली तर न्यायला तुम्हालाच फाटकावर जावं लागेल, जामीन तुम्ही आहात. मला त्या दिवशी दवाखान्यात खाट धरून बसावं लागणार. इथे उठलं की खाट गेली.

तुमची
नवी


८ एप्रिल
(टेंपोवाल्याच्या हाती)

चि. सौ. वहिनीस, आशीर्वाद.

रजा सुरू झाली. जामीन म्हणून मला इथल्या ठाण्यात जाऊन सही करायची आहे, साहेब दुपारशिवाय येत नाहीत. तोवर याला उन्हात बसवायचं नाही, म्हणून टेंपोवाल्याबरोबर पुढे पाठवते. काय काय दिलं ते खाली लिहिलंय. तपासून घे आणि याच कागदावर पोच लिहून टेंपोवाल्याच्या हाती परत दे. त्याच्यावर माझा संशय नाही, पण तोंडी पोच मी कोणाचीच घेत नाही.

फाटकावर मला मिळालं ते:

चादर एक, विटकी.

चपला एक जोड, डाव्या पायाची शिवलेली.

चष्मा एक, काडी दोऱ्याने बांधलेली.

टॉवेल एक.

जुना शर्ट एक, गळा साडेसोळा.

तू शिवलेले शर्ट चार. साडेसोळाचा माझा, तो वर लिहिला. तुझे सोळा, साडेपंधरा, पंधरा, साडेचौदा. त्याने ते याच क्रमाने घड्या घालून ठेवले होते. शेवटचा मी त्या दिवशी टेबलावर ठेवून आले होते, तो त्याला पोचला.

माझ्याकडून:

नवा शर्ट एक, अंगात घातलेला. गळा चौदा. मी स्वतः शिवला, हात बसलेला नाही, काजांकडे बघू नकोस. कॉलरीत बकरम आहे. खिसा आहे. बाजूच्या शिवणींत कापड दुमडून ठेवलंय, छाती बेचाळीसपर्यंत उसवता येईल. मोठ्या कॉलरसाठी त्याच थानातलं कापड पुडीत वेगळं दिलंय. उसवायचं काम तुझ्याकडे.

पुडी एक, वर लिहिलेली.

गब्दू एक. स्वतःच्या पायांनी टेंपोत चढला. पुढची सीट त्याला दिली. आज पाळी त्याची आहे, असं टेंपोवाल्याने सांगितलं.

शर्ट घालून त्याने वरचं बटण लावलं, मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिला. "ताई, माप कुणी दिलं तुला?"

"दुकान कुणाचं आहे?" मी म्हटलं.



सही झाली की शेवटच्या एसटीने मीही येते. दुकान आठवडाभर बंद आहे. खाटेजवळ बसायला दोन माणसं लागतील, तू एकटी पुरणार नाहीस.

ताई

पोच:
चादर, चपला, टॉवेल, शर्ट पाच, नवा शर्ट अंगात, पुडी, आणि हे, सगळं मिळालं. चष्मा पिशवीत सापडला नाही. खिशात होता.
नवी